नव्या यंत्रांची चढाओढ आणि आपला गल्ला

दर वर्षी रमजानचा चांद दिसण्यापूर्वी आम्ही धंतोलीतील आमच्या कापड दुकानाची झाडझूड करतो. या वेळी गल्ल्याखालचा एक खण वर्षानुवर्षांनी उघडला. त्यात काय काय निघाले पाहा. एक पेजर, कागदाची गुंडाळी संपलेले छपाईचे कॅल्क्युलेटर, टॉर्चवाला नोकिया ११००, देशी कंपनीचे दोन थ्री-जी मोबाईल, इंटरनेटची एक डोंगल आणि कार्ड घासायचे एक यंत्र. एकही चालू नाही. भंगारवाल्याने हात लावून पाहिला आणि परत ठेवला.

यातले प्रत्येक यंत्र घेताना विकणाऱ्याने आम्हाला एकच वाक्य ऐकवले होते, "शेठ, याच्याशिवाय यापुढे धंदा होणार नाही." मुलगा हसत म्हणाला, "अब्बा, या सगळ्यांचे मिळून किती पैसे गेले असतील?" आम्ही कागद घेऊन आठवेल तसा हिशेब मांडला. एकूण रक्कम पाहून हसू थांबले. तेवढ्यात सोलापुरी चादरींचे चांगले दोन गठ्ठे दुकानात आले असते.

वाचक बंधूंनो, या खणाने आम्हाला हा लेख लिहायला लावला. नवे यंत्र वाईट असते असे आम्हाला म्हणायचे नाही. त्या पेजरवर आम्हाला मालाचे निरोप मिळाले, त्या नोकियावर अर्धी गिऱ्हाइकी चालली. प्रश्न वेगळा आहे. मोठमोठ्या कंपन्या एकमेकींशी झुंजतात, त्या झुंजीत रोज नवी वस्तू बाजारात येते. या झुंजीत आपल्यासारख्या छोट्या व्यापाऱ्याचा आणि कारीगराचा फायदा कोठे आहे आणि नुकसान कोठे आहे?

एम्प्रेस मिलचा धडा

यंत्रांच्या स्पर्धेची गोष्ट ऐकायला अमेरिका-चीनला जायची गरज नाही. धंतोलीतून लोहा पुलाखालून रेल्वे लाइनच्या पलीकडे गेले की एम्प्रेस मिलची जागा लागते. आता तेथे मॉल आणि इमारती आहेत. जमशेटजी टाटांनी ही गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. त्या काळी सूतकताई 'म्यूल' नावाच्या यंत्रावर होत असे. त्याला मुरलेला कारीगर लागे आणि सूत ओढणे व गुंडाळणे ही कामे आलटून-पालटून होत. नवी 'रिंग' चाती मात्र ओढणे, पीळ देणे आणि गुंडाळणे एकसलग करीत असे. लँकेशायरचे बडे गिरणीमालक आपल्या म्यूलवर खूश होते. १८८० च्या दशकात टाटांनी नागपुरात रिंग चाती चालवून पाहिली, सूत जास्त निघते हे स्वतः तपासले, आणि मगच जुनी यंत्रे बदलत नेली. जगातल्या कितीतरी मोठ्या गिरण्यांच्या आधी आपल्या नागपूरच्या गिरणीने हे केले.

या गोष्टीचे दोन भाग आहेत. पहिला भाग सगळे सांगतात: जो नवे यंत्र आधी ओळखतो तो पुढे जातो. दुसरा भाग कोणी सांगत नाही. हीच गिरणी पुढे थकली, १९८६ मध्ये राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद झाली. मोमिनपुऱ्यापासून गोळीबार चौकापर्यंत या गिरणीवर चूल पेटणारी घरे होती. एकदा नवे यंत्र घेतले म्हणजे कायमची बरकत झाली असे नसते.

आपल्या मोमीन आणि कोष्टी बंधूंना आणखी एक गोष्ट ठाऊक असावी. आज ज्याला संगणक म्हणतात त्याचा एक पूर्वज कापडाचा माग आहे. फ्रान्समधील लियाँ शहरात जॅकार्डने १८०४ च्या सुमारास छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी विणणारा माग तयार केला. कोणता धागा उचलायचा आणि कोणता नाही, हे पुठ्ठ्यावरचे छिद्र सांगत असे. इंग्लंडच्या बॅबेजने आपल्या गणकयंत्राच्या आराखड्यासाठी हीच छिद्रांची कल्पना उचलली. तेव्हा यंत्राच्या दुनियेत विणकराने बुजून राहण्याचे काही कारण नाही.

व्हिडिओकॉन का बुडाली?

१९८२ साली दिल्लीच्या एशियाडच्या वेळी देशात रंगीत टीव्ही आला. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. मोहल्ल्यात एकाच घरी संच होता आणि खिडकीला माणसे लटकलेली असत. पुढे दहा-पंधरा वर्षे व्हिडिओकॉन, ओनिडा, बीपीएल या देशी नावांचा जमाना होता. त्यातली व्हिडिओकॉन तर आपल्या महाराष्ट्राची, औरंगाबादची. धूत कुटुंबाने जपानच्या तोशिबाचे तंत्र घेऊन ती उभी केली आणि घरोघरी टीव्ही, धुलाईयंत्र पोचवले.

१९९१ नंतर बाजार खुला झाला. १९९५ मध्ये सॅमसंग आली, १९९७ मध्ये एलजी आली. एलजीने २००४ मध्ये पुण्याजवळ रांजणगावला कारखानाही काढला. कोरियन कंपन्या दर वर्षी नवा नमुना आणीत, गावोगावी दुरुस्तीची सोय करीत आणि भावही सांभाळीत. व्हिडिओकॉननेही हातपाय पसरले. २००५ मध्ये तिने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला. ज्या सुमारास जग जाड टीव्ही सोडून भिंतीवरच्या सपाट टीव्हीकडे वळत होते, त्याच सुमारास हा सौदा झाला. पुढे ती तेलाच्या विहिरी, डिश टीव्ही आणि मोबाईल सेवेतही शिरली. मोबाईलचे परवाने सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०१२ मध्ये रद्द केलेल्या १२२ परवान्यांत गेले. अंगावर बँकांचे कर्ज वाढत राहिले आणि २०१८ मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत गेली.

कापडाच्या व्यापाऱ्याला हे कोडे नाही. आपण त्याला 'लॉटचा माल' म्हणतो. कोणी तरी मोठा व्यापारी भारी माल अर्ध्या भावात देऊ लागला की हात शिवशिवतो. २००० सालाच्या आसपास आम्हीही सफारीच्या टेरिकॉट पिसांचा एक मोठा लॉट असाच घेतला होता. भाव पाहून डोळे दिपले. सफारी सूट घालणारी पिढीच संपत आली आहे आणि तरुण पोरे तयार पँट-शर्टकडे गेली आहेत, हे मात्र पाहिले नाही. त्या पिसांची शेवटी उशांची अभ्रे झाली. स्वस्त मिळणारी प्रत्येक वस्तू हाती घेताना एक प्रश्न विचारावा: विकणाऱ्याला ही आज का नकोशी झाली आहे?

मोबाईलची लढाई

आता आमच्या खणातल्या मोबाईलकडे वळू. भारतात पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. त्या काळी एका मिनिटाला सोळा रुपयांच्या घरात दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे लागत. म्हणून तर आमच्यासारख्यांनी पेजर घेतला. २००३ मध्ये आलेले फोन फुकट झाले, रिलायन्सने ५०१ रुपयांत हातात फोन दिला, आणि त्याच वर्षी नोकिया ११०० आला. धूळ-घामाला न जुमानणारा आणि वीज गेली की टॉर्च दाखवणारा हा फोन जगभरात २५ कोटींच्या वर खपला.

नोकियाला कोण हरवणार, असे सगळे म्हणत. पण २००७ मध्ये ॲपलचा आयफोन आला, २००८ मध्ये गुगलच्या अँड्रॉइडवर चालणारा पहिला फोन आला, आणि नोकिया आपल्या जुन्या पद्धतीत अडकून राहिली. २०१४ मध्ये तिचा हँडसेटचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरचा कारखाना बंद पडून हजारो कामगार घरी बसले.

मोकळ्या झालेल्या जागेत मायक्रोमॅक्स, कार्बन, लावा ही आपली देशी नावे पुढे आली. मायक्रोमॅक्सने गावाकडे वीज नसते हे ओळखून महिनाभर चालणाऱ्या बॅटरीचा फोन काढला, दोन सिमचे फोन स्वस्तात दिले. २०१४ च्या सुमारास ती सॅमसंगच्या बरोबरीने उभी होती. मग दोन घाव बसले. जुलै २०१४ मध्ये चीनच्या शाओमीने दुकानदाराला बाजूला ठेवून फक्त फ्लिपकार्टवरून १३,९९९ रुपयांत महागड्या फोनच्या तोडीचा फोन विकला. आणि ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आली. जिओचे जाळे निव्वळ फोर-जीचे. देशी कंपन्यांच्या गोदामात आणि दुकानांत थ्री-जीचा माल भरलेला. एका रात्रीत तो माल शिळा झाला. चिनी कंपन्यांकडे फोर-जीचे फोन तयार होते. २०१७ संपता संपता शाओमी देशात पहिल्या नंबरला पोचली.

आमच्या खणातले दोन देशी थ्री-जी मोबाईल त्याच काळातले. सीताबर्डीवर 'एकावर एक फुकट' म्हणून मिळाले होते. म्हणजे सफारीच्या पिसांनी शिकवलेला धडा आम्ही पुन्हा विसरलो होतो.

फुकटाचे दिवस आणि त्यानंतरचे दिवस

जिओने मार्च २०१७ अखेरपर्यंत सगळे फुकट दिले. गिऱ्हाईक खूश झाले, आम्हीही झालो. गडचिरोली-बालाघाटहून धंतोलीच्या दवाखान्यात आलेला माणूस रुग्णाचा चेहरा घरच्यांना फोनवर दाखवू लागला. ही मोठी सोय आहे आणि ती नाकारणे नाशुक्री होईल. पण बाजारात काय झाले तेही पाहावे. रिलायन्स कम्युनिकेशन्स आणि एअरसेल बुडाल्या, टाटांचा मोबाईल धंदा एअरटेलकडे गेला, व्होडाफोन आणि आयडिया २०१८ मध्ये एकत्र झाल्या. दहा-बारा कंपन्यांच्या जागी तीन खासगी आणि एक सरकारी उरली. मग जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी चार दिवसांच्या आत दर वाढवले. तक्रार करून गिऱ्हाईक जाणार कोठे?

कापड बाजारात हे जुनेच आहे. मोठा दुकानदार शेजारच्या छोट्याचे शटर पडेपर्यंत तोट्यात विकतो आणि मग भाव वाढवतो. फरक इतकाच की गांधीबागेतला दुकानदार स्वतःच्या खिशातून तोटा सोसतो, या कंपन्या परक्या भांडवलावर वर्षानुवर्षे तोटा सोसू शकतात.

यावर कायदा नाही असे नाही. २००२ चा स्पर्धा कायदा आहे आणि त्याखालील स्पर्धा आयोग दिल्लीत बसतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये या आयोगाने अँड्रॉइडच्या बाबतीत बाजारातील ताकदीचा गैरवापर केल्याबद्दल गुगलला १,३३७ कोटी ७६ लाख रुपयांचा दंड ठोठावला आणि मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने तो कायम ठेवला. एवढ्या बड्या कंपनीला जाब विचारता येतो, हे आपल्या व्यापारी संघटनांनी ध्यानात ठेवावे. आपली संघटना केवळ इफ्तारच्या दावतीपुरती नसावी.

'नो कॉस्ट' हप्त्याचे खरे रूप

नवे यंत्र घेण्याची घाई कशामुळे होते? पैसे खिशात नसताना ते हातात येते म्हणून. मोबाईलच्या प्रत्येक दुकानावर पाटी असते: 'नो कॉस्ट ईएमआय'. आमच्याकडे शिलाईचे काम करणाऱ्या एका पोराने महिन्याच्या कमाईच्या दुप्पट किमतीचा मोबाईल असाच घेतला. त्याने आम्हाला सांगितले, "चाचा, यात व्याज नाही, म्हणजे हलाल आहे."

आम्ही मुफ्ती नाही. फतवा देणे आमचे काम नव्हे, त्यासाठी आलिमांकडे जावे. पण हिशेब वाचणे हे व्यापाऱ्याचे काम आहे. पैसे देणारी कंपनी फुकट पैसे देत नाही. बहुतेक सौद्यांत व्याज आकारलेले असते आणि तेवढीच रक्कम विकणारा 'सूट' म्हणून वजा दाखवतो. म्हणजे रोखीने घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती ती व्याजाच्या खात्यात गेली. वर कागदपत्रांचे शुल्क वेगळे. कार्डावरच्या हप्त्यात त्या व्याजावर जीएसटीही लागतो. हप्ता चुकला तर दंड. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते. जे रिझर्व्ह बँकेला मान्य नाही ते आपण पाटी वाचून मान्य करावे काय?

त्या पोराला आम्ही एवढेच म्हणालो, "बेटा, दुकानदाराला विचार, रोख दिले तर किती कमी करशील? जो आकडा तो कमी करील, तेच तुझे व्याज." तो विचारून आला आणि दिवसभर गप्प होता. हप्ते मात्र त्याला भरावेच लागले.

गल्ल्यावरचे बोलके यंत्र

आता आमच्याच दुकानातली एक गोष्ट सांगतो. सांगताना लाज वाटते, पण सांगणे गरजेचे आहे.

८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटबंदीनंतर चौकोनी चित्राची पाटी आमच्याही गल्ल्यावर आली. यूपीआयची सोय त्याच वर्षी सुरू झाली होती. जानेवारी २०२० पासून दुकानदाराला त्यावर शुल्क नाही, आणि ऑगस्ट २०२३ पासून देशभरात महिन्याला एक हजार कोटींहून अधिक व्यवहार त्यावरून होऊ लागले. मग 'अमुक रुपये प्राप्त झाले' असे मराठीत बोलणारी डबी आली. आमची शाळा उर्दू माध्यमाची, इंग्रजी मेसेज वाचताना अडखळायला होते. त्यामुळे डबी फार आवडली. तिचे महिन्याचे भाडे कापले जाते हे नंतर कळले.

गेल्या हिवाळ्यात एका गिऱ्हाइकाने पैसे दिल्याचे बनावट चित्र दाखवून आमच्या नोकराला फसवले. तेव्हापासून आम्ही नियम केला: डबी बोलल्याशिवाय माल द्यायचा नाही.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी, रात्री नऊच्या सुमारास, गडचिरोलीकडचा एक माणूस आला. बायको जवळच्या दवाखान्यात बाळंत झाली होती. त्याने बाळाचे कपडे, एक शाल आणि चादर घेतली. ७४० रुपये झाले. त्याने फोन लावला, आकडा टाकला. डबी गप्प. त्याने फोन पुढे केला, "पैसे कटले ना जी. हा पाहा मेसेज." आम्ही म्हणालो, "भाऊ, आमच्याकडे आले नाहीत. यंत्र बोलल्याशिवाय माल देता येत नाही." तो दहा मिनिटे उभा राहिला. खात्यात दुसरे पैसे नव्हते. मग काही न बोलता कपड्यांची पिशवी गल्ल्यावर ठेवून निघून गेला. बाहेर थंडी होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या खात्यात ७४० रुपये जमा झालेले दिसले.

आम्ही पिशवी घेऊन आजूबाजूच्या तीन दवाखान्यांत विचारत फिरलो. तो सुट्टी घेऊन गावी गेला होता. पैसे त्याच्या खात्यावर परत पाठवले, ते पोचले. पण पैसे घेऊन माल न देणे याला आपल्याकडे काय म्हणतात ते वाचकांना ठाऊक आहे. त्या रात्री बाळाच्या अंगावर हवी असलेली शाल आमच्या गल्ल्यावर पडून राहिली, ते काही परत करता आले नाही.

सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि साक्षीदार ठेवण्याचा हुकूम आहे. आम्ही डबीलाच साक्षीदार समजलो. ती गप्प राहिली म्हणून समोरच्या माणसाला खोटे ठरवले. डबी फक्त तिच्यापर्यंत आलेला निरोप वाचते. निरोप वाटेत अडकला असेल तर ते तिला कळत नाही. माणूस खरा की खोटा, ते ओळखण्याचे काम अजूनही दुकानदाराचेच आहे.

नियमही लक्षात असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार गिऱ्हाइकाचे पैसे कापले गेले आणि दुकानदाराला पोचले नाहीत, तर ते पाच दिवसांत आपोआप परत व्हायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर बँकेने दर दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायची असते. हे गिऱ्हाइकाला सांगितले तर निम्मी भांडणे मिटतात.

आता आमच्या दुकानाचा नियम बदलला आहे. पैसे कापल्याचा मेसेज दिसतो आणि डबी गप्प आहे, तर हजार रुपयांपर्यंतचा माल द्यायचा. गिऱ्हाइकाचा फोन नंबर आणि व्यवहाराचा क्रमांक वहीत लिहायचा. तेव्हापासून एकदाच फसलो. ती रक्कम आम्ही डबीच्या भाड्यासारखीच खर्चात धरली.

आणखी एक बाब. यूपीआयचे बहुतेक व्यवहार फोनपे आणि गुगल पे या दोनच ॲपवरून होतात. एकीमागे अमेरिकेची वॉलमार्ट, दुसरीमागे गुगल. एकाकडे ३० टक्क्यांपेक्षा जास्त व्यवहार नसावेत असे २०२० मध्ये ठरले होते. त्याची मुदत पुढे ढकलत डिसेंबर २०२६ पर्यंत नेण्यात आली. जानेवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने पेटीएम पेमेंट्स बँकेवर निर्बंध आणले, तेव्हा ज्यांचा सगळा गल्ला त्या एकाच खात्यात होता त्यांची धावपळ आम्ही डोळ्यांनी पाहिली. दोन पाट्या ठेवा, आणि थोडी रोकडही ठेवा.

कारीगराचे काय?

यंत्र आले की कारीगर जातो, ही भीती खोटी नाही. उर्दू वाचणाऱ्या आपल्या पिढीने कातिबांचे हाल पाहिले आहेत. उर्दू वर्तमानपत्रांचे पान न् पान कातिब हाताने लिहीत. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांच्या अक्षरांवरून नस्तालीक लिपी यंत्रावर आली, आणि १९९४ मध्ये दिल्लीहून 'इनपेज' हा संगणकाचा कार्यक्रम निघाला. पाच-सात वर्षांत वर्तमानपत्रांतले कातिब घरी बसले. ज्यांनी इनपेज शिकून घेतले ते त्याच पेढीवर टिकले. सुंदर अक्षराची नजर त्यांच्याकडे होतीच, फक्त कलम बदलले.

दुसरीकडे त्याच यंत्रांनी नवा कारीगर घडवला आहे. मोमिनपुरा घ्या, सीताबर्डी घ्या. लाकडी टेबल, भिंग आणि डाग द्यायची कलई घेऊन बसलेली आपली किती तरी पोरे मोबाईल दुरुस्त करतात. शाळा अर्धवट सुटलेली असते, पण बोटांत हुनर असते. या पोरांसमोर खरी अडचण वेगळी आहे. कंपन्या सुटे भाग देत नाहीत, नकाशे देत नाहीत, फोन असा चिकटवतात की उघडता येऊ नये. जुना फोन दुरुस्त झाला तर नवा कोण घेईल? केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने डिसेंबर २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या नावाने संकेतस्थळ सुरू केले आहे. त्याला कायद्याचे बळ मिळावे ही मागणी आपल्या बिरादरीने लावून धरली पाहिजे, कारण यात आपल्या हजारो पोरांची रोजी आहे. आणि त्या पोरांनीही एक पाळावे: टाकलेला भाग अस्सल आहे की नकली, ते गिऱ्हाइकाला आधी सांगावे. मालातला ऐब लपवून मिळालेल्या पैशात बरकत नसते.

घेण्यापूर्वी पाच प्रश्न

आमच्या खणाने आम्हाला जे शिकवले ते थोडक्यात देतो. कोणतेही यंत्र घेण्यापूर्वी स्वतःला विचारावे.

१) हे यंत्र माझे कोणते काम करणार? काम सांगता आले नाही तर ते हौशीचे आहे. हौस असू द्या, पण ती धंद्याच्या खर्चात लिहू नका.

२) हे आज स्वस्त का आहे? मागून नवे येत आहे काय?

३) बिघडले तर नागपुरात कोण दुरुस्त करील? सुटा भाग मिळेल काय?

४) विकत घेतल्यानंतरही भाडे, वर्गणी, शुल्क चालू राहणार आहे काय? महिन्याला किती आणि वर्षाला किती, ते लिहून घ्या.

५) रोखीने घ्यायची ऐपत आहे काय? नसेल तर ते अजून माझ्या ऐपतीचे नाही. पैसे साठेपर्यंत थांबा. तोवर बहुधा भावही उतरलेला असतो.

टाटांनी नागपुरात रिंग चाती आधी तपासली, मग घेतली. तेवढे धैर्य आणि तेवढीच सावधगिरी आपण दाखवली तरी पुष्कळ झाले. नव्याला घाबरून दार लावणारा मागे राहतो, आणि पाटी वाचून धावणाऱ्याचा खण भरतो.

असो. तो खण आम्ही पुसून ठेवला आहे. नोकिया ११०० मोमिनपुऱ्यातल्या एका पोराने नवी बॅटरी घालून चालू करून दिला. रात्री दुकान बंद करताना कुलूप शोधायला त्याचा टॉर्च कामी येतो. बाकीचे सामान आम्ही इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्याकडे दिले. रिकाम्या खणात आता एक वही आहे. पैसे कापले पण डबी बोलली नाही, अशा गिऱ्हाइकांची नावे त्यात लिहितो. वाचक बंधूंनी आपापल्या दुकानात अशी एक वही ठेवावी. तिला चार्जिंग लागत नाही, आणि इन्शाअल्लाह, तिच्यामुळे एखादा खरा माणूस थंडीत रिकाम्या हाताने परत जाणार नाही.